पिस्टनची दुसरी क्लिप उडाली, दोरी ओढून बघू का?

अर्धा_पाना
शनिवार, रात्री ८:४०

मंडळी, घाईत लिहितोय, हात अजून तेलकट आहेत.

ब्रश कटरचं टू स्ट्रोक इंजिन उघडलंय. ५२ सीसी, बोअर ४४ मिमी, स्ट्रोक ३४. दोरी ओढली की हाताला काही लागतच नव्हतं, कॉम्प्रेशन पार गेलेलं. ब्लॉक काढला तर रिंगा झिजून पातळ झालेल्या, पिस्टन सायलेन्सरच्या बाजूने खरवडलेला. नवा पिस्टन, रिंगा, गजनपिन (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणारी दांडी) आणि ती पिन बाहेर सरकू नये म्हणून दोन क्लिपा (एका जागी उघड्या असलेल्या तारेच्या कड्या) असा संच आणला.

एक क्लिप टेबलावरच पिस्टनमध्ये बसवली. मग केज बेअरिंगला टू स्ट्रोकचं ऑइल लावलं, त्याच्या दोन्ही बाजूंचे पातळ वॉशर ग्रीसने चिकटवले, पिस्टन रॉडवर धरला आणि मोकळ्या बाजूने पिन सरकवली. पहिल्या क्लिपला टेकून थांबली. इथपर्यंत सगळं सुतासारखं.

दुसरी क्लिप नोज प्लायरमध्ये धरली, एक टोक खाचेत टेकवलं, दुसरं आत दाबायला गेलो आणि टिंग! एकच आवाज. कुठे गेली कळलंच नाही. क्रँककेसच्या (ब्लॉकखालच्या, क्रँक असलेल्या डब्याच्या) तोंडावर फडकं होतं, पण खरं सांगायचं तर नुसतं टाकलेलं होतं, कोंबलेलं नव्हतं. एका बाजूने फट होती.

जमीन दोनदा झाडून झाली. आता विचार करतोय की दोरी एकदा हळूच ओढावी. आत असेल तर खडखडेल ना?


ऑइलमाखा
शनिवार, रात्री ८:५२

दोरीला हात लावू नका. फ्लायव्हील (क्रँकच्या टोकावरचं जड चाक) सुद्धा हाताने फिरवू नका.

खडखडायला ती मोकळी असावी लागते. क्रँकचा वेब (बाजूची जड तबकडी) आणि केसची भिंत यांच्यात फट असते जेमतेम मिलीमीटर-दोन मिलीमीटर, आणि तुमच्या क्लिपची तार असेल एक मिलीमीटरच्या आसपास. म्हणजे ती बरोबर तिथे अडकण्याच्या मापाची आहे. फिरवलंत की एकतर अॅल्युमिनियमची केस खरवडणार, नाहीतर ती सरकत सरकत मेन बेअरिंगच्या तोंडाशी जाऊन बसणार. मग क्रँककेसचे दोन भाग सुटे करण्यावाचून इलाज नाही. आत्ता ती आत असलीच, तरी पडली तिथेच पडून आहे. ते आपल्या फायद्याचं आहे.

टॉर्च लावा. लांब दांड्याचं चुंबक आहे का? क्लिप स्प्रिंग स्टीलची असते, चुंबकाला लगेच चिकटते.


रिकामी_डबी
शनिवार, रात्री ९:०५

वाईट वाटून घेऊ नका हो. माझी एकदा उडाली ती तीन दिवसांनी सापडली, पंख्याच्या वाटीत. वरच्या पंख्याच्या! तेव्हापासून मी एक मोठी पारदर्शक प्लास्टिकची पिशवी घेते, त्यात पिस्टन आणि माझे दोन्ही हात. बघणाऱ्याला वाटतं बाई डोक्यावर पडली आहे. पण उडाली तरी पिशवीतच राहते.

आणि चष्मा घाला. दाबलेली क्लिप कुठल्या दिशेला सुटेल याचा नेम नसतो आणि आपण तर अगदी नाक टेकवून बघत असतो.


अर्धा_पाना
शनिवार, रात्री ९:४८

चुंबक घालून पाहिलं. क्रँककेसमध्ये सगळीकडे फिरवलं, पण ते स्वतःच क्रँकला जाऊन चिकटतं, त्यामुळे नीट समजत नाही. टॉर्चने जेवढं दिसतं तेवढ्यात काही नाही. इंजिन उलटं धरून हलवलं, काही पडलं नाही. आता फक्त एक खिळा गिळल्यासारखं वाटतंय.


ऑइलमाखा
रविवार, सकाळी ७:२०

चुंबक क्रँकला चिकटतं म्हणून त्याच्या बाजूंना प्लास्टिकची नळी चढवा, टोक तेवढं उघडं ठेवा. मग ते आडव्या बाजूला ओढलं जात नाही.

पण त्याआधी एक सांगा. पंख्याचं कव्हर काढलेलं आहे का? फ्लायव्हील उघडं आहे?


अर्धा_पाना
रविवार, सकाळी ७:४१

हो, दोरीचा सगळा साचा काढून बाजूला ठेवलाय. का?


ऑइलमाखा
रविवार, सकाळी ७:४३

फ्लायव्हीलमध्ये चुंबक असतो. इग्निशनचा. तुमच्या खिशातल्या चुंबकापेक्षा चांगलाच ताकदवान. जाऊन बघा.


अर्धा_पाना
रविवार, सकाळी ७:५८

अहो!!

फ्लायव्हीलच्या कडेला, चुंबकाच्या दोन पट्ट्यांवर आडवी चिकटून बसली होती. काळ्यावर काळी, म्हणून रात्री दिसलीच नाही. कॉइलपासून बोटभर अंतरावर. कॉइल आणि फ्लायव्हीलमधली फट ०.३ मिमी ठेवलेली आहे. दोरी ओढली असती तर क्लिप त्या फटीत गेली असती आणि कॉइलचे पाय गेले असते. काल रात्री हात आवरला म्हणून वाचलो.

तर आता हीच परत बसवतो.


मोजपट्टी
रविवार, सकाळी ८:३०

थांबा, थांबा. ती बसवू नका.

व्हर्नियर असेल तर तिचा मोकळा व्यास मोजा. संचातली दुसरी क्लिप आधीच पिस्टनमध्ये गेलीय, त्यामुळे तुलनेला नवी नाही, हे खरं. पण जुन्या दोन काढल्यात ना, त्याही मोजा. पक्कडीत दाबून उडालेली क्लिप बहुतेक वेळा आत वळलेली असते. डोळ्याला गोल दिसते, पण ताण गेलेला असतो. क्लिप खाचेत टिकते ती बाहेर ढकलणाऱ्या ताणावरच, दुसरं तिला धरून ठेवणारं काहीच नाही.

म्हणूनच जुनी क्लिप परत वापरत नाहीत. काढताना ती एकदा वाकलीच.

आणि जुन्या दोन्ही काढल्यात तेव्हा त्या पूर्ण होत्या का?


अर्धा_पाना
रविवार, सकाळी ९:१५

मोजलं. उडालेली ११.० मिमी. उत्सुकता म्हणून पिस्टनमधली नवी पण काढून मोजली (आता तीही गेली म्हणा), ती ११.४. पिन १० ची आहे. ०.४ चा फरक, आणि मला दोन्ही सारख्याच वाटत होत्या. नवी जोडी मागवतो.

जुन्यांबद्दल विचारलंत म्हणून डब्यातून शोधल्या. त्या शेपटीवाल्या होत्या, म्हणजे एक टोक आत वळवलेलं, पक्कडीत धरायला. एकीला शेपटी आहे. दुसरीला नाही. मोडल्याची जागा करडी दिसते, खडबडीत. नवीन संचातल्या क्लिपांना शेपटी नव्हतीच, त्यामुळे माझ्या लक्षात आलं नाही.


मोजपट्टी
रविवार, सकाळी ९:२२

मग शेपटी कुठे आहे? काढताना तुमच्या हातून मोडली असेल तर टेबलाजवळ असेल. आधीच मोडली असेल तर इंजिनात गेली. जुन्या पिस्टनचा माथा पुसून उजेडात तिरका धरा आणि काय दिसतं ते सांगा.


अर्धा_पाना
रविवार, सकाळी १०:०५

काजळी पुसली. माथ्यावर बारीक बारीक टोचे आहेत, सात-आठ, सगळे एका कडेला. तांदूळ टोचल्यासारखे. ब्लॉकच्या आत वर, घुमटातही तशाच खुणा आहेत. मला वाटलं होतं ओतकामच तसं असेल.


मोजपट्टी
रविवार, सकाळी १०:१६

ती शेपटीच.

प्रवास असा होतो: शेपटी तुटते, क्रँककेसमध्ये पडते, तिथून हवा-पेट्रोलच्या मिश्रणाबरोबर ट्रान्सफर पोर्टमधून (क्रँककेसमधून सिलिंडरमध्ये जाणाऱ्या वाटेने) वर येते, पिस्टन आणि घुमट यांच्या मध्ये चार-दोन वेळा ठेचली जाते आणि शेवटी एक्झॉस्टमधून बाहेर. टू स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाच हवेचा रस्ता, त्यामुळे खाली पडलेलं वर यायला वेळ लागत नाही. फोर स्ट्रोकमध्ये तुकडा सम्पमध्ये (तळाच्या भांड्यात), तेलात पडतो आणि बऱ्याचदा ड्रेन प्लगबरोबर बाहेर येतो.

नवा पिस्टन चढवण्यापूर्वी ट्रान्सफर पोर्टच्या वाटा पेट्रोलने धुवा, सायलेन्सर काढून झटका. आणि सिलिंडरच्या भिंतीला, पिनची टोकं जिथून जातात त्या दोन उभ्या रेषांवर, नख फिरवा. नख अडकलं तर नव्या पिस्टनने काही साधणार नाही. तुमच्या ब्लॉकला आतून प्लेटिंग (कडक धातूचा पातळ थर) असेल तर तो बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घालता येत नाही. ती सोय लोखंडी लायनरची.


धुराडं
रविवार, सकाळी ११:००

शेपटी या प्रकाराबद्दल माझं मत: ती बसवणाऱ्याच्या सोयीसाठी आहे, इंजिनाच्या नाही. गोल क्लिपच्या एका टोकाला अधांतरी लोंबणारं वजन. आरपीएम जास्त असलेल्या इंजिनात ते टोक सतत हलतं आणि एक दिवस थकून तुटतं. बिनशेपटीची बसवायला त्रास देते, काढायला त्याहून जास्त, पण तिच्यात तुटण्यासारखं काही नाही.

तरी मॅन्युअलमध्ये शेपटीवाली सांगितली असेल आणि पिस्टनला शेपटीसाठी जागा केलेली असेल, तर आपलं डोकं चालवू नये.


अर्धा_पाना
रविवार, दुपारी १२:३०

भिंत गुळगुळीत आहे, नख अडकत नाही. वाचलो.

नवी जोडी येईपर्यंत एक शंका. क्लिपचं तोंड कुठल्या बाजूला ठेवायचं? मी पहिली बसवली होती तेव्हा तोंड, म्हणजे तारेच्या दोन टोकांमधली फट, आडवं होतं, घड्याळाच्या तबकडीवर ३ वाजता. पिस्टनला खाचेजवळ एक छोटा कट आहे, तो खाली तिरका, साधारण ५ वाजता.


फुकटचा_फिटर
रविवार, दुपारी १:१०

हे तोंडाचं प्रकरण लोकांनी उगाच वाढवून ठेवलंय. मी इतकी वर्षं पंपाची इंजिनं भरतोय, लॉक (म्हणजे क्लिप) घालायचं, टिक वाजलं की झालं. तोंड कुठेही असो. आजवर एकही निघालेलं नाही.


मोजपट्टी
रविवार, दुपारी २:४५

फिटरसाहेब, तुमचा अनुभव खोटा नाही. तुमची इंजिनं वेगळी आहेत.

पिस्टन फक्त वर-खाली जातो. वर पोचून उलटा फिरताना क्लिपला वाटतं आपण वरच जात राहावं. खाली पोचताना उलट. म्हणजे क्लिपवरचे मोठे हिसके उभेच. तोंड ३ किंवा ९ वाजता ठेवलं तर क्लिपचे दोन हात होतात, एक वरचा, एक खालचा, दोघांची टोकं मोकळी. पिस्टन वर थांबला की खालचा हात खाचेतून सुटून वर, म्हणजे आत, वाकू पाहतो. खाली थांबला की वरचा हात खाली. दर फेरीत दोन्ही हात आळीपाळीने आत मिटतात. तोंड वर किंवा खाली असेल तर हा हिसका हातांच्या लांबीच्या दिशेने जातो आणि त्यांना मिटवायला त्याला वाव मिळत नाही.

आता हिसका किती, ते बघा. ३४ चा स्ट्रोक म्हणजे क्रँकची त्रिज्या १७ मिमी. रॉड त्रिज्येच्या चौपट धरला आणि ९००० आरपीएम घेतले, तर वरच्या टोकाला प्रवेग येतो गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १९०० पट, खालच्या टोकाला साधारण ११५० पट. १ मिमी तारेची, १० च्या पिनची क्लिप भरते ०.१७ ग्रॅमच्या आसपास. ती वर असताना सव्वातीनशे ग्रॅमची होते, खाली दोनशेची. सेकंदाला १५० फेऱ्या.

तुमचं पंपाचं इंजिन धरा ६८ x ४५ चं, १६३ सीसी, गव्हर्नर (वेग आवरणारा भाग) ३६०० वर धरतो. तिथे हाच आकडा ४०० पट. हिसका आरपीएमच्या वर्गाने वाढतो. वेग अडीचपट केला की सव्वासहापट. स्ट्रोक लहान म्हणून थोडा कमी होतो, एवढंच. पंपात चुकीचं तोंड खपून जातं, ब्रश कटरमध्ये खपत नाही.


फुकटचा_फिटर
रविवार, दुपारी ३:२०

हे असं कुणी सांगितलं नव्हतं आजवर. मग वर की खाली? १२ की ६?


मोजपट्टी
रविवार, दुपारी ३:४०

मॅन्युअल जे सांगेल ते. काहीच सांगत नसेल तर मी ६ घेतो. वरचा हिसका मोठा आहे, आणि तोंड खाली असलं की त्या हिसक्यात क्लिपची अखंड पाठ खाचेत आणखी घट्ट दाबली जाते. पण १२ ला ठेवणाऱ्याशी मी भांडणार नाही.

भांडेन ते कटावरून. काढण्यासाठी जो कट दिलेला असतो त्याच्यासमोर तोंड आणायचं नाही. तिथे खाच तुटलेली असते, क्लिपचं टोक हवेत राहतं. शिवाय पुढच्या वेळी उचकायला टोचा कशाखाली घालणार? टोचा तारेच्या पाठीखाली जायला हवा. अर्धा_पाना, तुमचा कट ५ ला आहे म्हणजे ६ ला टोक त्याच्या फार जवळ येईल. तुमच्यासाठी १२.


धुराडं
रविवार, दुपारी ४:०५

जाता जाता: काही पिस्टनमध्ये तारेची नसून चपटी सर्क्लिप असते, दोन भोकांची, तिला वेगळी पक्कड लागते. ती पत्र्यातून कापून काढलेली असल्यामुळे एक कड धारदार, एक गोलसर. धारदार बाजू बाहेर, पिनच्या विरुद्ध. पिनने ढकलली की धार खाचेच्या भिंतीला पकडते. उलटी घातली की गोल कड वर चढते.


रिकामी_डबी
रविवार, रात्री ९:३०

तोंडावर इतकं लिहिलंत, पण बसवायची कशी ते कुणीच लिहिलं नाही. मी सांगते, माझी पद्धत.

आधी पिस्टन डुगडुगता ठेवायचा नाही. दोन सपाट लाकडी पट्ट्या क्रँककेसच्या तोंडावर, रॉडच्या दोन बाजूंना, आणि पिस्टनचा खालचा घेर त्यावर टेकवायचा. अर्ध्या क्लिपा पिस्टन हलल्यामुळेच उडतात. फडकं पट्ट्यांच्या आधी, रॉडभोवती गच्च कोंबायचं. धागे सुटणारं नको. पिन पहिल्या क्लिपला पूर्ण टेकलेली हवी, नाहीतर दुसऱ्या बाजूची खाच पिननेच झाकलेली राहते आणि आपण बसतो झगडत.

पक्कड मी वापरत नाही. पक्कड ताकद जास्त लावते आणि सुटली की सगळा ताण एकदम सोडते. डावा अंगठा आणि एक बोथट टोचा, बस. टोचा म्हणजे जुना बारीक स्क्रू ड्रायव्हर, टोक घासून गोल केलेलं, कडा पॉलिश पेपरने मऊ. धारदार राहिला तर खाचेवर ओरखडा पाडतो.

क्लिप थोडी तिरकी धरून एक टोक खाचेत घालायचं, तोंड जिथे हवंय त्याच्या जरासं अलीकडे. त्या टोकावर डावा अंगठा. हा अंगठा आता शेवटपर्यंत उचलायचा नाही, नाक खाजलं तरी. मग टोच्याने तारेची पाठ खाचेत उतरवत जायचं, टोकापासून पुढे, एकेक मिलीमीटर. दोन तृतीयांश तार आपोआप बसते. राहिलेला भाग कडेवर उभा राहतो आणि इथेच सगळे घाई करतात. अंगठा आडवा सरकवून तो भागही झाकायचा, टोचा अंगठ्याच्या खालून मोकळ्या टोकापाशी न्यायचा, आधी टोक मध्याकडे ढकलायचं आणि मग आत. दोन वेगळ्या हालचाली आहेत. एकदम करायला गेलं की टिंग.

टिक आवाज येतो. त्यावर विश्वास ठेवायचा नाही. एक टोक बसलं तरी टिक वाजतं. टॉर्च लावून तार आणि भोकाची कड यांच्यातलं अंतर गोल फिरून बघायचं, सगळीकडे सारखं हवं. मग टोच्याने क्लिप खाचेत फिरवायची, चार-पाच मिलीमीटर. फिरली पाहिजे, पण कुरकुरत. अलगद गरगरली तर ताण नाही किंवा तार बारीक आहे. अजिबात हललीच नाही तर कुठेतरी कडेवर बसली आहे. फिरवून फिरवून मग तोंड जागेवर आणायचं.

घालायची हत्यारंही मिळतात, निमुळत्या भोकाची नळी आणि ढकलायचा दांडा. रोज चार इंजिनं भरणाऱ्याने घ्यावं.


अर्धा_पाना
बुधवार, रात्री ८:१५

नवी जोडी आली. पहिली क्लिप टेबलावर, डबीताईंच्या पद्धतीने, पहिल्या फटक्यात. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे, दोनदा बघितलं. पिस्टन प्लास्टिकच्या पिशवीत घालून गरम पाण्यात दहा मिनिटं बुडवला, पिन बाहेर थंडच ठेवली. बोटाने सरकली. ठोकायची वेळ आली नाही.

दुसरी पण गेली, टिक वाजलं. मग फिरवून पाहिली आणि हलेना. टॉर्चमध्ये सगळं ठीक दिसत होतं. आरसा लावून खालून पाहिलं तेव्हा दिसलं, एक टोक कटाच्या कडेवर चढून बसलंय, खाचेत नाही. केसाएवढा फरक. टिक ऐकून ब्लॉक चढवला असता तर?

आता काढू कशी? पुन्हा उडेल याची भीती आहे.


रिकामी_डबी
बुधवार, रात्री ८:२२

काढू नका, आधी बसते का बघा. टोचा त्या टोकाच्या आतल्या बाजूने लावून त्याला मध्याकडे आणि कटापासून दूर सरकवा, अंगठा वर ठेवूनच. पिशवी घ्या!


अर्धा_पाना
बुधवार, रात्री ८:५०

बसली. या वेळचा टिक वेगळाच होता, जरा जाड. आता फिरते, कुरकुरत. तोंड १२ वर आणलं. पिन बोटाने डावी-उजवी किंचित हलते, तेवढी चालते ना?


ऑइलमाखा
बुधवार, रात्री ९:०५

चालते नाही, हवीच. पिन दोन क्लिपांमध्ये चेपून बसली असेल तर ती कायम क्लिपवर दाबत राहते. मूळ कंपनीचा नसलेला संच घेतला की कधीकधी पिन मापापेक्षा लांब निघते, म्हणून हे बघायचं.


धुराडं
बुधवार, रात्री ९:४०

ब्लॉक चढवायच्या आधी आणखी एक गोष्ट बघा, कारण मी ती बघितली नव्हती. माझ्याकडे नवी क्लिप, तोंड बरोबर, ताण बरोबर, तरी दोन दिवसांत बाहेर आली. पिन सरकली आणि सिलिंडरला ट्रान्सफर पोर्टपर्यंत नाली पडली. ब्लॉक गेला.

चूक क्लिपची नव्हतीच. जुनी पिन अडकली होती म्हणून मी ती हातोडीने ठोकून काढली होती, पिस्टनला मागून काही आधार न देता. रॉड किंचित वाकला. वाकलेला रॉड पिनला दर फेरीत एकाच बाजूला ढकलतो आणि शेवटी क्लिप हरते. उघडल्यावर पाहिलं तर पिनचं एक टोक आरशासारखं चकाकत होतं, दुसरं काळं.

तपासायचं सोपं आहे. पिस्टन न लावता पिन रॉडच्या वरच्या भोकात घाला, क्रँककेसच्या सपाट तोंडावर दोन सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवा आणि पिन हळूहळू खाली आणा. दोन्ही पट्ट्यांना एकाच वेळी टेकली पाहिजे. एका बाजूला कागद जाण्याएवढी फट दिसली तर रॉड वाकडा. हे पिस्टन घालायच्या आधी करायचं असतं, हे मला माहीत आहे, उशिरा सांगतोय.


अर्धा_पाना
बुधवार, रात्री ९:५२

जुनी पिन मी बोल्ट, नट आणि एक सॉकेट लावून ओढून काढली होती, ठोकली नव्हती. आणि जुन्या पिनची दोन्ही टोकं सारखीच काळी आहेत. पिस्टन परत उतरवायची हिंमत नाही, एवढ्यावर भागवतो.


धुराडं
बुधवार, रात्री ९:५८

दोन्ही टोकं सारखी असतील तर मीही उतरवला नसता.


अर्धा_पाना
शनिवार, सायंकाळी ६:३०

सुरू झालं! ब्लॉक चढवताना रिंगांची तोंडं पिस्टनवरच्या बारीक खिळ्यांवर आणली, बोटांनी दाबून धरल्या, ब्लॉक न पिळता सरळ खाली उतरवला. चौथ्या ओढीला धरलं. पहिली टाकी पूर्ण थ्रॉटल न देता, मध्ये मध्ये थांबत संपवली. कॉम्प्रेशन इतकं आहे की दोरी हातातून हिसकावून घेते.

आणि सायलेन्सर झटकला होता त्यातून काही पडलं नव्हतं, पण आत बारीक जाळी आहे ती काजळीने बंद झाली होती. ती काढून घासली तर काजळीच्या खपलीत चेपटलेला एक तुकडा निघाला. चुंबकाला चिकटला. शेपटीच असणार.

सगळ्यांचे आभार. फ्लायव्हीलवर सापडलेली ती उडालेली क्लिप आठवण म्हणून सुट्या नटबोल्टच्या डब्यात टाकून ठेवली आहे.


ऑइलमाखा
शनिवार, सायंकाळी ६:४१

त्या डब्यातून आत्ताच्या आत्ता काढा आणि पक्कडीने दोन तुकडे करून फेका. पुढच्या वेळी रात्री नऊ वाजता क्लिप कमी पडली की नेमकी तीच हाताला लागेल.


अर्धा_पाना
शनिवार, सायंकाळी ६:५५

तोडायला गेलो. अर्धा तुकडा उडाला.